पाणी पाहावे वैशाखात, घर पाहावे श्रावणात



'घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो आहोत. घर बांधताना माणसाची कशी त्रेधा उडते ते ही म्हण सांगते. पण दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेऊन तिथे राहायला जायचे असेल तर काय पाहावे, हे कोणती म्हण सांगत नाही. पूर्वी तशी गरजही नव्हती. ज्या घरात जन्मलो त्याच घरातून चौघांच्या खांद्यावर निघायचे, हा रिवाज होता. आता दिवस बदलले. वाटण्या होतात, पोरांच्या शाळा-कॉलेजांसाठी तालुक्याजवळ यावे लागते, जुनी घरे पडायला येतात. मग 'कुठे चार खणांचे घर, विहीर आणि थोडे रान मिळते का' असे माणूस विचारू लागतो.

2025 सालच्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. ती जिंतूर तालुक्यात दिली आहे. 'दादा, जिंतूर-येलदरी रस्त्याच्या बाजूला एक घर अन् दीड एकर रान निघालंय. हे म्हणतात इसार देऊन टाकू. तू एकदा येऊन बघ.' मी गेलो. एकदा नाही, दोनदा गेलो. त्या दोन फेऱ्यांत घर कसे पाहावे हे शिकलो, आणि घरापलीकडचेही काही शिकलो. ते सगळे आज तुमच्यापुढे मांडतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथली माणसे आपलीच आहेत.

घर का सोडायचे?

घर पाहायला निघण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा. आहे ते घर का सोडायचे?

बहिणीकडचे घर जुने माळवदाचे. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर किलचे आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर गार असते. वाटणी झाली तेव्हा तिच्या वाट्याला दोन खण आले, तेही उत्तरेच्या भिंतीकडचे. 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलै 2024 ला हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले, ते तुम्हाला आठवत असतील. दोन्ही वेळेला सकाळी परभणी, नांदेडपर्यंत भांडी हलली. साडेचार रिश्टरचा धक्का तसा मोठा नाही. पण त्यानंतर त्या उत्तरेच्या भिंतीला पोट सुटले. मधोमध भिंत बाहेरून फुगली.

मंडळी, मराठवाड्यातल्या माणसाने भिंतीचे सुटलेले पोट हसण्यावारी नेऊ नये. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण विसरलेलो नाही. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती, आणि किल्लारीच्या धक्क्याने लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांच्यावर पडल्या त्या अशाच भिंती, अशीच माळवदे. भिंतीला आत एक पदर, बाहेर एक पदर, मध्ये चिखल आणि गोटे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड नाही. हादरा बसला की दोन पदर दोन दिशांना जातात आणि माळवदाची कितीतरी गाडे माती खाली येते. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

याचा अर्थ प्रत्येक जुने घर वाईट असा नाही. चारठाण्याला जाऊन पाहा, शेकडो वर्षांची दगडी मंदिरे अजून उभी आहेत. घडीव दगड एकमेकांत बसवलेला असला तर तो टिकतो. आपल्या घरात दगडापेक्षा चिखलच जास्त असतो. तेव्हा बहिणीची काळजी खरी होती. शिवाय नात जिंतूरला शाळेत जाते, आणि पावसाळ्यात ओढा आला की बस गावात येत नाही. कारणे पक्की होती. तुमची कारणे अशी पक्की नसतील, नुसते भावकीशी भांडण म्हणून घर सोडायचे असेल, तर एक हंगाम थांबा. राग जातो आणि मग विकलेले घर परत मिळत नाही.

पहिली फेरी, वैशाखात

बहीण, पाहुणे आणि मी तिघे एसटीने निघालो. बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे बहीण म्हणाली, 'बघ, माझ्यामुळं खर्च कमी झाला, मला ने म्हणत जा.' ती गमतीने म्हणाली. पण मी तुम्हाला गंभीरपणे सांगतो, घर पाहायला बाईला न्याच. पुरुष माणूस घर बघतो म्हणजे भाव, गट नंबर आणि दारासमोर ट्रॅक्टर वळतो का, एवढेच बघतो. चूल कुठे आहे, धूर कुठून जातो, सांडपाणी कुठे जाते, रात्री मोरीकडे जायला अंगण ओलांडावे लागते का, हे तिला दिसते. त्या घरात दिवसाचे सोळा तास तीच वावरणार असते.

घर दिसायला छान होते. नवा चुना, दाराला निळा रंग. चार खण, वर पत्रे, पुढे ओटा, मागे पडवी. दलाल बरोबर होता. तो म्हणाला, 'गुरुजी, घरात फक्त पाटा-वरवंटा आणायचा अन् राहायचं.'

नवा चुना दिसला की जपून असावे. चुना दोन कारणांनी देतात, सणासाठी आणि झाकण्यासाठी. मी खिडक्यांचे कोपरे पाहिले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग चुन्याखाली दिसत होती. जिंतूरच्या खालच्या अंगाला काळी भारी जमीन आहे. कापसाला, सोयाबीनला ती आईसारखी. घराला मात्र सावत्र. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आवळते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. पाया वरच्या काळीतच ठेवला असेल तर भिंत दरवर्षी वर-खाली होते आणि अशी तिरकी भेग पडते. पाया मुरमापर्यंत नेला असेल तर भीती नाही. म्हणून विचारावे, 'पाया किती खोल आहे? मुरूम लागला होता का?' घरमालकाला ठाऊक नसेल तर गावातल्या गवंड्याला विचारावे. बांधणाऱ्याला आठवते.

मग लाकूड. दारांच्या चौकटी आणि आढे काठीने ठोकून पाहिले. भरीव लाकूड खणखणीत वाजते, वाळवीने खाल्लेले बद्द वाजते. एक चौकट बद्द वाजली. हा दोष मोठा नव्हता. चौकट बदलता येते.

विहिरीवर गेलो. वैशाखाचा शेवटचा आठवडा होता. तळाला दीड पुरुष पाणी होते. समाधान वाटले. पाणी पाहायचे ते याच दिवसांत. श्रावणात कुठलीही विहीर भरलेली दिसते आणि येलदरी धरण भरले की आसपासच्या शिवाराला वाटते आपण आता सुखी झालो. पण विहिरीची परीक्षा वैशाखात होते. त्यातही पंप चालू करून दोन तास उपसा करायला सांगावे आणि पाणी पुन्हा किती वेळात चढते ते घड्याळ लावून पाहावे. नुसते साठलेले पाणी पाहून भुलू नये. आणि विचारावे, विहीर एकट्याची आहे की भावकीत हिस्सा आहे? पाळी किती दिवसांनी येते? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात विहिरीचा हिस्सा लिहिलेला असतो. ही विहीर निम्मी होती. दलालाने ते सांगितले नव्हते.

येलदरीच्या बाजूची एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पूर्णा नदीवरचे हे धरण 1960 च्या दशकात बांधले गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जलाशयाच्या काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिला आपण गाळपेर म्हणतो. ती सरकारची असते, पेरायला हंगामापुरती देतात. दलाल माणूस उभ्या हिरव्या पिकाकडे हात करून 'ही सगळी आपली वहिवाट' म्हणतो. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे. गायरानाचेही तेच. तिथे घर बांधलेले असेल, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नोंद असेल, घरपट्टी भरलेली असेल, तरी जमीन सरकारचीच राहते. नमुना 8 हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. गावठाणातले घर घेणार असाल तर मिळकत पत्रिका मागावी. 2020 पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी चालली आणि अनेक गावांत या पत्रिका निघाल्या आहेत.

त्या दिवशी मागच्या पडवीत एक म्हातारी बसली होती. तीन दगडांची वेगळी चूल, एक लुगडे वाळत घातलेले, एक शेळी. मी तिला रामराम केला आणि तिच्या डोक्यावरचे आढे बघत पुढे गेलो. तुम्हाला खरे सांगतो, त्या दिवशी मी आढे नीट पाहिले, म्हातारीला पाहिले नाही.

दलाल म्हणाला, 'एक्कावन्न हजार इसार द्या, नाहीतर परवा दुसरं गिऱ्हाईक येणार हाय.' पाहुण्यांचा हात खिशाकडे गेला. मी म्हणालो, 'पावसाळ्यात एकदा बघू, मग बोलू.' दलाल हसला. म्हणाला, 'पावसात घर कोण बघतं हो?'

कागद

मधल्या दोन महिन्यांत मी कागद पाहिले. वाचकहो, हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे घाई करून अनेक घरे बुडाली आहेत.

सातबारा आणि आठ-अ आता मोबाईलवरही निघतो, ही सोय चांगली झाली. पण आजचा सातबारा म्हणजे गोष्टीचे शेवटचे पान. गोष्ट फेरफारात असते. सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. ते एकेक करून मागे जात वाचावेत. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्याकडे मूळ शोधायला 1954-55 ची खासरा पाहणी आणि सेतवार काढावे लागते. जमीन इनामाची, मदतमाश किंवा देवस्थानची होती का, कुळाला मिळालेली आहे का, सीलिंगमध्ये वाटलेली आहे का, हे तिथे कळते. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असे असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नये. असा व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो.

दुसरे, तुकडेबंदी. 2023 च्या अधिसूचनेने आपल्या भागात जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाण ठरले. त्याहून लहान तुकडा कुणी 'बाँडवर लिहून देतो' म्हणाला तर तिथून उठावे. स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तानेच होते. बाँड शंभराचा असो की आताचा पाचशेचा, त्यावर पाच पंचांच्या सह्या घेऊनही मालकी मिळत नाही. आणि निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2 काढून पाहावी, म्हणजे हीच जमीन आधी कुणाला गहाण वा खरेदी दिली आहे का ते समजते. सोसायटीचे, बँकेचे बेबाकी पत्र मागावे. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. नव्या महामार्गाच्या भूसंपादनात तो गट येतो का, तेही तहसीलला विचारावे. आपल्या जिल्ह्यातून जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी झालेली आहे.

आमच्या या घराचे कागद वरवर चांगले होते. वर्ग 1 ची जमीन. सोसायटीचे थोडे कर्ज, ते फेडून देतो म्हणाले. विकणाऱ्याच्या दोन बहिणी होत्या, त्यांचे नोंदणी केलेले हक्कसोडपत्र त्याने पुढे ठेवले. 'बहिणींचा काही त्रास नाही, सगळं कायदेशीर हाय.' मी मान डोलावली. म्हणालो, 'चांगलं केलंत. आमच्यातही तसंच आहे.' शेजारी बसलेली माझी बहीण काही बोलली नाही.

दुसरी फेरी, श्रावणात

श्रावणात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी आम्ही गेलो. डांबरी सडकेपासून घर पाव कोस. वैशाखात त्या पांदीतून मोटारसायकल सहज गेली होती. आता चप्पल हातात घेऊन जावे लागले. पाहुण्यांचा पाय पिंढरीपर्यंत रुतला. नातीला रोज याच वाटेने शाळेची बस गाठायची होती.

वाटेचा प्रश्न नुसत्या चिखलाचा नसतो. ती वाट नकाशावर आहे का? गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली पांद असेल तर ती सरकारी. नसेल तर शेजाऱ्याच्या बांधावरून त्याच्या मेहेरबानीने जावे लागते. मेहेरबानी पिढीबरोबर संपते. कायद्याने तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, अडवलेली वाट खुली करून मागता येते. पण त्यात वर्षे जातात आणि शेजार कायमचा तुटतो. म्हणून शेजाऱ्याला आधी भेटावे. त्याच्या ओट्यावर बसून चहा घ्यावा. आपण घर विकत घेतो तेव्हा शेजारही घेतो.

घरात शिरलो. दार फुगून अर्ध्यावर अडकले. भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल चढली होती आणि निळा रंग पापुद्र्यांनी निघाला होता. तिरकी भेग आता चुन्यातून उघडी पडली होती. मी रुपयाचे नाणे आडवे धरून बघितले, ते भेगेत शिरले. मागच्या शेतातले पाणी परसातून घराकडे वळत होते. सप्टेंबरात पुढे मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तीत त्या परसाचे काय झाले असेल ते सांगायला नको. तरी मी म्हणेन, हेही दोष दुरुस्त होणारे होते. चर खणून पाणी वळवता आले असते, पाया उघडून बांधता आला असता. भाव कमी करून घेता आला असता. मी मनात हिशेब करत होतो.

बहीण दिसेना. बघितले तर ती पडवीत म्हातारीपाशी बसली होती. शेळीला पाला घालत दोघी बोलत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा म्हातारी म्हणत होती, 'मला कोणी इचारलं न्हाई बाई. ही मंडळी बघायला येऊलालीत, जाऊलालीत. तुम्ही घेतलं तर घ्या, चांगलं नांदा. फकस्त माझी चूल कुठं मांडू तेवढं सांगा.'

ती विकणाऱ्याची आत्या होती. विसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली, भावाच्या घरात राबली, भाऊही गेला. भाचा शहरात राहतो. मी त्याला बाहेर घेऊन विचारले. तो म्हणाला, 'ती काय, पिकलं पान. नेईन माझ्याबरोबर. तिचा कुठं कागदाला संबंध?'

संबंध होता. घरी येऊन मी फेरफार पुन्हा वाचला. म्हातारीचे वडील 1978 साली वारले. वारस म्हणून नोंद झाली ती एकट्या मुलाची. मुलीचे नावच लावलेले नव्हते, तिची सही नव्हती की अंगठा नव्हता. वाचकहो, हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या हिश्शात मुलीला मुलाइतकाच वाटा, हे तेव्हापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार, हे महाराष्ट्रात 1994 ला आले, 9 सप्टेंबर 2005 पासून सगळ्या देशात आले, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पक्के शिक्कामोर्तब केले. म्हणजे ज्या पडवीत ती बसली होती ती पडवी तिचीही होती. वकिलांना विचारले. ते म्हणाले, 'तिने किंवा उद्या तिच्या नावाने कुणी दावा टाकला तर तुमची खरेदी वर्षानुवर्षे लोंबकळेल.'

आम्ही विकणाऱ्याला सांगितले, 'आत्याचे नाव लावा, तिचा वाटा तिला द्या, तिची खुशीने सही आणा, मग पुढे बोलू.' तो चिडला. दलाल म्हणाला, 'एवढं बघायला लागलं तर जगात एक घर विकलं जाणार न्हाई.' व्यवहार तिथेच मोडला. इसार दिला नव्हता म्हणून दोन खेपांच्या भाड्यापलीकडे काही गेले नाही.

निघताना बहिणीने म्हातारीला एक गोष्ट समजावून सांगितली. ती तुमच्याही कानावर घालतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. म्हातारी म्हणाली, 'भाच्यावर कोरटात जाऊ व्हय मी?' यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एसटीतले बोलणे

परतीच्या एसटीत बराच वेळ कोणी बोलले नाही. जिंतूर जवळ आले, नेमगिरीचा डोंगर पावसात पुसट दिसत होता. बहीण खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'दादा, माझी पण सही तू घेतली होतीस की.'

मी म्हणालो, 'तुझ्या खुशीनं दिलीस ना?'

ती म्हणाली, 'हाव. तू जेवायला वाढलं, साडी नेसवली, अन् म्हणालास इथं सही कर. मी केली. नाही म्हणाले असते तर माहेर राहिलं असतं का?'

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला काही बोलता आले नाही. पाहुणे समोर बघत बसले.

वाचकहो, मी या पानावर इतकी वर्षे लिहितो. सावकाराबद्दल लिहिले, हुंड्याबद्दल लिहिले, बायकांच्या नावावर घर करा असेही लिहिले. वडील गेल्यावर आमचे साडेचार एकर रान माझ्या एकट्याच्या नावावर झाले, ते मी कधी लिहिले नाही. ते कायद्याने झाले. हक्कसोडपत्र निबंधकासमोर नोंदवलेले आहे, कोर्टात टिकेल असे आहे. तिचा हक्क कागदावरून सुटला. माझे देणे त्याने फिटले असे मात्र मला त्या एसटीत वाटले नाही. एका परक्या म्हातारीचे नाव फेरफारात नाही म्हणून मी व्यवहार मोडला, आणि सख्ख्या बहिणीचे नाव मीच काढून घेतले होते. ती दोन खणांत फुगलेल्या भिंतीखाली झोपते, आणि घर घ्यायला तिला कमी पडत होते ते जवळजवळ तेवढेच, जेवढे तिच्या वाट्याच्या रानाचे आले असते.

दिवाळीत भाऊबीजेला ती आली. ओवाळून झाल्यावर मी घरातल्या सगळ्यांसमोर बोललो. सौभाग्यवती म्हणाली, 'हे आधीच व्हायला पाहिजे होतं.' मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचेही चुकत नाही; जे रान आपले म्हणून त्याने राबून वाढवले, त्यातले जाणार. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, 'आत्याला किती द्यायचं ते मोजून द्या. तोंडी नको.' मोजणीची फी आता भरली आहे. सरकारी माणसाची तारीख यायची आहे. अर्ध्याला अर्धे होईल की त्याहून कमी, यावर घरात अजून बोलणे चालू आहे, आणि बोलणे सोपे नाही.

तोवर बहिणीने घर सोडलेले नाही. फुगलेल्या भिंतीला बाहेरून टेकू दिला, माळवदाची माती उतरवून वर पत्रे टाकले, म्हणजे डोक्यावरचे ओझे तरी गेले. जाणत्या गवंड्याकडून ती भिंत उतरवून, आडवे दगड घालून, दारावरच्या पातळीला सिमेंट-सळईचा पट्टा फिरवून पुन्हा बांधायचे घाटते आहे. नवे घर मिळाले तर जाईल, नाहीतर तिथे निर्धास्त झोपेल. तुमचेही माळवद जुने असेल तर एवढे या उन्हाळ्यातच करून घ्या.

जाता जाता थोडक्यात सांगतो, म्हणजे कापून ठेवता येईल. पाणी वैशाखात पाहा, घर आणि वाट श्रावणात पाहा. एक रात्र त्या गावात मुक्काम करा. वीज किती वाजता येते आणि दारू कुठे मिळते ते रात्रीच कळते. बाईमाणसाला बरोबर न्या आणि तिचे ऐका. सातबारा वाचून थांबू नका, फेरफार मुळापर्यंत वाचा. इसार देण्याची घाई करू नका. घर बायकोच्या नावे किंवा दोघांच्या नावे घ्या. स्त्रीच्या नावे राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात 2021 पासून एक टक्का सवलतही आहे. आणि घरात मागच्या पडवीला कोणी बसलेले असेल तर आढे बघण्याआधी त्या माणसापाशी बसा, आणि त्याचे नाव कागदावर आहे का ते विचारा.

आपल्या स्वतःच्या घराचा फेरफारही एकदा काढून बघा. त्यात कुणाचे नाव नाही ते पाहा.

आमची मोजणी झाली, खरेदीखत झाले की याच पानावर कळवीन. नाही झाले, तरी कळवीन.